गावाच्या विहिरीचा पाणलोट: पुढच्या पंधरा वर्षांचा आराखडा कसा करावा?

नाल्याकाठी (ता. दारव्हा, जि. यवतमाळ) | ८ जून, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. थोडक्यात विचारला की "बंधारा बांधा" एवढंच उत्तर येतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं गाव बाराशे वस्तीचं. पिण्याची विहीर नाल्याच्या काठी, गावठाणाच्या खालच्या अंगाला. नळयोजना तिच्यावरच चालते. मागच्या काही वर्षांत शिवारात कामं भरपूर झाली. जलयुक्त शिवार योजनेतून नाला खोलीकरण झालं, सिमेंट नाला बांध झाले, पोकरा ह्या कृषी प्रकल्पातून शेततळी झाली. पाणी वाढलं, खोटं कशाला बोलू? पूर्वी मार्चातच टँकरचा अर्ज लिहावा लागे, आता अर्धा मे निघतो. पण पावसाळ्यानंतरच्या तपासणीत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम ह्या मर्यादेच्या वर निघालं. उन्हाळ्यात त्याच विहिरीचं पाणी मर्यादेत. स्वच्छता सर्वेक्षणात पिवळं कार्ड मिळालं ते वेगळंच.

ग्रामसभेत विषय काढला तर अर्धे म्हणतात बोर मारा, अर्धे म्हणतात आरओ बसवा. मी पाणी व स्वच्छता समितीत आहे. मला वाटतं, विहिरीच्या वरच्या अंगाला काय चाललंय ते पाहिल्याशिवाय दोन्ही फुकट. वर काय आहे ते सांगतो. माथ्यावर ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईची जमीन, त्यातली बरीचशी लोकांच्या वाहितीत. मधल्या पट्ट्यात पऱ्हाटी (कपाशी), तूर, सोयाबीन आणि एक संत्र्याची बाग. खाली गावठाण, त्यातले शौचालयांचे खड्डे. आणि विहिरीकडे येणाऱ्या पांदणीच्या दोन्ही बाजूंना उकिरड्यांची रांग.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा आणि २ ऑक्टोबरपासून विकास आराखड्याच्या सभा लागतील तेव्हा तो त्यात बसवायचा, असा विचार आहे. सरपंच बदलला, ग्रामसेवक बदलला तरी टिकेल असं त्यात काय लिहावं?

---

पऱ्हाटीवाला (ता. नेर) | ८ जून, रात्री ९:४०

एवढं काय डोकं खाजवून राहिले भाऊ? तीनशे फूट बोर मारा, मोटर टाका, झालं काम. नायट्रेट वरच्या पाण्यात रायते, खालचं पानी साफ. आमच्या गावात तसंच केलं.

---

पैनगंगाकाठ (ता. केळापूर) | ८ जून, रात्री १०:२५

पऱ्हाटीवाला भाऊ, तुमच्याकडे चाललं असेल, पण हा सल्ला आमच्या भागात कोणी दिला तर लोक अंगावर येतील. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, वणी ह्या पट्ट्यात खोल बोरच्या पाण्यात फ्लोराइड निघतं. मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. आमच्याकडे हातपंपावर लाल रंग मारलेला दिसला की समजायचं, हे पाणी प्यायचं नाही. लोक तरी पितात, कारण दुसरा हातपंप लांब. पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे, म्हाताऱ्यांचे गुडघे धरलेले. फ्लोराइड उकळून जात नाही. उकळलं तर पाणी आटून उलट वाढतं. नायट्रेटचंही तसंच.

आमच्याकडे साध्या उघड्या विहिरींचं पाणी बोरपेक्षा बरं निघालं. म्हणजे ज्या विहिरी आपण बुजवून टाकल्या, त्याच बऱ्या होत्या. तेव्हा नाल्याकाठी भाऊ, विहीर आहे तोवर तिला जपा. बोर घ्यायचीच असेल तर पाणी तपासल्याशिवाय नळाला जोडू नका.

आरओबद्दल एकच सांगतो. मशीनमधून जे टाकाऊ पाणी निघतं, ते कुठे सोडणार ते आधी ठरवा. आमच्या शेजारच्या गावात ते नाल्यातच सोडलंय.

---

मुरूमपारखी (यवतमाळ) | ९ जून, सकाळी ७:०५

विहिरी आणि खडक बघण्यातच नोकरी गेली, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

आधी हिशोब. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी झालं. तुमच्या विहिरीच्या वरचं शिवार ४०० हेक्टर धरू आणि पाऊस ८५० मिलिमीटर. वर्षाला ३४० कोटी लिटर पाणी तिथं पडतं. आता गरज बघा. जलजीवनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. बाराशे माणसांना वर्षभर २ कोटी ४० लाख लिटर लागले. पडलेल्या पाण्याचा शंभरावा हिस्सासुद्धा नाही. तेव्हा गावाला प्यायला पाणी पुरावं म्हणून आणखी सिमेंट बांध हवेत, हे मला पटत नाही. तेवढं थोडंसं पाणी कुठल्या जमिनीतून मुरून विहिरीत येतं आणि त्या जमिनीवर काय टाकलं जातं, तुमचा आराखडा त्याभोवती फिरला पाहिजे. शेतीच्या पाण्याचा आराखडा वेगळा करा. दोन्ही एकत्र केले की पिण्याचं पाणी कायम मागे पडतं.

आता नायट्रेट. दारव्ह्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, मग भेगाळ खडक, मग घट्ट काळा पाषाण. पाणी साठतं मुरमात आणि भेगांत. काळी माती एकदा भिजून फुगली की पाणी फार हळू आत घेते. पण मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, आणि मृगाचं पहिलं पाणी त्या भेगांतून सरळ खाली उतरतं. उतरताना वर जे साचलंय ते बरोबर नेतं. नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर चालू पडतं. तुमच्याकडे पावसाळ्यानंतर वाढतं आणि उन्हाळ्यात उतरतं, म्हणजे शेतातला युरिया आणि ते उकिरडे ह्यांच्यावर माझा पहिला संशय. बारा महिने सारखंच जास्त असतं तर मी आधी शौचालयाचे खड्डे पाहिले असते.

युरियाचं एक गणित मी शेतकऱ्यांना नेहमी करून दाखवतो. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण २१ किलो. ते सगळं नायट्रेट होऊन पाण्यात उतरलं तर ९० किलोच्या वर नायट्रेट होतं. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या हिशोबानं ते २० लाख लिटर स्वच्छ पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. तुमच्या गावाचं महिनाभराचं पाणी झालं हे. सगळं नत्र उतरत नाही हे खरं. पीक घेतं, काही हवेत जातं. पण एका पोत्यात केवढी ताकद आहे ते ध्यानात येतं.

अजून एक. खोलीकरणात विहिरीच्या वरच्या अंगाची वाळू-मुरूम उपसला असेल तर नाल्याची गाळणीच काढून टाकली म्हणायची. आराखड्यात लिहून टाका की विहिरीच्या वर दोनशे मीटर नाल्याला पोकलेन लागणार नाही.

---

पऱ्हाटीवाला (ता. नेर) | ९ जून, सकाळी ८:१०

गणित झकास हाय गुरुजी. पण युरिया कमी टाका म्हनलं तर सोसायटीत लाइनीत उभा राहणारा मानूस आपल्याले उभा कापते.

---

चाचणीताई (ता. सेलू, जि. वर्धा) | ९ जून, दुपारी २:३०

गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं किट चालवायला शिकवतात, त्यातली मी एक. वर सगळे शिवाराबद्दल बोलताहेत. मी विहिरीपासून नळापर्यंतचं सांगते.

जीवाणूंची बाटली असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, सावलीत ठेवायची. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं की त्यात घाण आहे. मी एकाच दिवशी विहीर, टाकी, पहिला नळ आणि शेवटच्या गल्लीतला नळ अशा बाटल्या भरल्या. विहिरीची आणि टाकीची बाटली साफ. शेवटच्या नळाची दुसऱ्या दिवशी काळीकुट्ट. का, तर पाइप नालीतून गेलाय, जोड सैल आहे, आणि त्या गल्लीत लोक नळाला मोटर लावतात. मोटर ओढायला लागली की नालीतलं पाणी पाइपात शिरतं. आता ह्याला माथ्यावर चर खणून काय उपयोग? आराखड्यात पाइपलाइनही धरा.

टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पण पाहा. पोतं उघडं राहिलं की पावडरीचे गठ्ठे होतात, वास उडतो, आणि जलसुरक्षक तेच टाकत बसतो. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्के असतो, २० च्या खाली गेला की ती वापरायची नाही. ओटीचे (क्लोरीन तपासायच्या औषधाचे) थेंब टाकून शेवटच्या नळाला पिवळा रंग येतो का ते रोज बघायचं. तिथं निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. टाकीजवळ तपासून रजिस्टरमध्ये "ठीक" लिहिणारे खूप आहेत.

पण टीसीएलनं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. सासूबाईंना हे समजावताना माझा घसा सुकला.

तुमच्या ठरावात हे लिहा: दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर, त्याच त्या ठिकाणचं पाणी घ्यायचं आणि निकाल ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवायचा. फळ्यावर लावला की कोणी वाचत नाही. किटमधल्या रसायनांची मुदतही बघत जा.

---

बोडीकाठ (ता. साकोली, जि. भंडारा) | ९ जून, रात्री ८:४५

आमच्याकडे मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारीतले. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले. तलावाची पाळ, तुडूम (पाणी सोडायची मोरी), पाट सगळ्यांना दिसतं. पण जुन्या माणसांनी तलावाच्या वरचं जंगलही तलावाचंच मानलं होतं. तिथली माती सुटली की तलाव गाळानं भरतो हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. पाळीची डागडुजी, पाट साफ करणं ही वर्षातली ठरलेली कामं होती, ज्याचं धान त्या पाण्यावर त्यानं माणूस द्यायचा.

१९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जायलाच हवी होती, त्याबद्दल दुःख नाही. पण तलाव एका खात्याकडे, जंगल दुसऱ्याकडे, मासेमारीचा ठेका तिसरीकडे, आणि पाळीवर उगवलेली बेशरमची झुडपं कोणाचीच नाहीत. तलावात गाळ भरला, येवा आणणाऱ्या नाल्यांवर धानाच्या बांध्या पडल्या.

तुम्ही पंधरा वर्षांचं म्हणता, तर बांधकाम कमी लिहा आणि ही ठरलेली कामं जास्त लिहा. कोणत्या महिन्यात कोण काय करणार. आमचे तलाव त्यावरच दोन-तीनशे वर्षं चालले.

---

खारपाणी (ता. दर्यापूर, जि. अमरावती) | १० जून, सकाळी ६:५०

तुमचं वाचून हेवा वाटतो राव. आमच्याकडे खोदलं की खारं. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती, बुलडाणा असा हा खारपाणपट्टा पसरलाय. विहीर खोदून ती जपायची हा पर्यायच नाही. आमचं पिण्याचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून पाइपानं येतं. शहानूर, वान. त्यांचा पाणलोट मेळघाटात. म्हणजे तिथलं जंगल राहिलं तर आमच्या नळाला पाणी, आणि आम्ही तिथले मतदारही नाही.

तुमचा पाणलोट तुमच्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे. ठराव घेऊन काही करता येण्यासारखी जागा आहे. एवढं नशीब कमी गावांना मिळतं.

---

सिपनाकाठ (मेळघाट) | १० जून, रात्री ९:२०

खारपाणी दादा, वरची माणसंही तहानलेलीच आहेत बरं. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाच डोंगरी आणि कोयलारीत विहिरीचं दूषित पाणी पिऊन माणसं दगावली. पावसाळ्यात उघड्या विहिरीत वरून वाहून आलेलं सगळं उतरतं. धो धो पावसाच्या मुलखात पिण्याच्या पाण्यानं माणूस मरतो, ह्याचा विचार नकाशावर हिरवा रंग पाहणाऱ्यांनी करावा.

नाल्याकाठी भाऊ, कायद्याचं एक सांगतो. वनहक्क कायदा २००६ मधलं कलम ५ बघा. ग्रामसभेला लगतचं पाणलोट क्षेत्र आणि जलस्रोत राखायचा अधिकार त्यात सरळ लिहिलाय. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरनं सामूहिक वनहक्क घेऊन उजाड टेकडी पुन्हा हिरवी केली, २०१४ मध्ये जैवविविधतेचा पुरस्कारही मिळाला. चराई आणि कुऱ्हाड ह्यांचे नियम त्यांचे त्यांनी केले. अर्थात त्यासाठी जमीन वनात असावी लागते. तुमची ई-क्लास महसुलाची, तिला हे लागू होणार नाही.

---

नाल्याकाठी | १० जून, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. मुरूमपारखी सर, हिशोब वाचून मी समितीच्या ग्रुपवर टाकला, तिथंही खळबळ माजली.

दोन अडचणी. एक, माथ्यावरच्या ई-क्लासवर चर आणि गवत करायचं तर चराई थांबवावी लागेल. मग गुरं कुठे न्यायची? दुसरी, वाहितीत असलेली ई-क्लास. ती सोडवायला गेलं की गावात भांडणच.

कायद्यातला ५०० मीटरचा नियम कोणी समजावून सांगेल का? एक जण म्हणतो त्या नियमानं विहिरीजवळची संत्र्याची बागच बंद करता येते.

---

मुरूमपारखी | ११ जून, सकाळी ६:३०

नाही, बाग बंद करता येत नाही. १९९३ च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदता येत नव्हती. तो उपशावरचा लगाम होता. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला, त्यात पाण्याच्या गुणवत्तेचाही विचार आहे. पण बागेला युरिया टाकू नका असं सांगायला कायदा दारात येणार नाही. ते गावानंच बोलून करायचं. बागवाल्याला शत्रू करून ठेवलात तर पंधरा वर्षं रोज त्याच्याच धुऱ्यावरून जायचंय तुम्हाला.

विहिरीभोवती तीन घेरे कल्पून ठेवा. पहिला घेर अगदी लगतचा. त्यात उकिरडा, धुणं, गुरं, फवारणीचा पंप धुणं, काहीच नाही. शौचालयाचा शोषखड्डा कमीत कमी १० मीटर लांब असं पुस्तकात असतं, पण तुमच्याकडे भेगाळ खडक आहे, भेगेतून घाण सुसाट जाते. जितकं लांब तितकं बरं. दुसरा घेर नाल्याच्या दोन्ही काठांची शेतं. तिसरा माथा. पैसा आणि वेळ ह्याच क्रमानं लावा. सगळीकडे "माथा ते पायथा" शिकवतात, माती अडवायला ते बरोबरच आहे. पण पाण्याची घाण थांबवायची तर विहिरीच्या कठड्यापासून वर चढत जा.

---

गवळाऊ (ता. आर्वी, जि. वर्धा) | ११ जून, सकाळी ११:१५

चराईबद्दल. पूर्ण बंदी घालू नका, ती टिकत नाही. रात्री गुरं शिरतात आणि पहाऱ्यावरचा पोरगा पाहुणा असतो. आमच्याकडे माथ्याचे तुकडे पाडले. एक तुकडा दोन पावसाळे बंद, बाकीचे खुले, मग पाळी बदलायची. बंद तुकड्यातलं गवत कापून न्यायला मुभा. गवत कापायला मिळतं म्हटल्यावर गुराखीच राखण करायला लागतो. पवन्या गवत आपोआप येतं, बी टाकायची गरज पडली नाही. बाहेरून मेंढ्या येतात त्यांच्याशी मात्र दिवाळीआधीच बोलून घ्या.

---

वावरवाली | ११ जून, रात्री ८:५०

मी नाल्याकाठी भाऊंच्याच गावची. पोरगं टाइप करून राहिलं, मी सांगून राहिले.

हे सगळं वाचलं. चांगलं हाय. पण ज्याले तुम्ही वरचं अंग म्हनता, ते आमचं वावर हाय. ई-क्लासवर आमच्या सासऱ्यानं दगड येचून जमीन केली. १४ एप्रिल १९९० च्या आधीचं अतिक्रमण नावावर करून देतो म्हनले, आमचा कागद अजून फिरूनच राहिला. आता तुम्ही म्हनता युरिया कमी टाका, उकिरडा हलवा, धुऱ्यावर गवत लावा. पानी कोन पेते? सारं गाव पेते. नुकसान कोनाचं? वरच्या सात-आठ घरांचं. इहीर गावची, तर राखनीचा खर्चही गावचा पायजे का नाई?

आनि फवारणीचं म्हनता तर सांगते. दुपारी फवारून झाल्यावर पंप धुवाले पानी लागते, आनि पानी नाल्यातच रायते. वावरात पान्याची टाकी असती तर कोन मरायले नाल्यावर जाते? यवतमाळात २०१७ ले फवारणीनं किती मानसं गेली ते आमाले कोनी सांगाले नको. औषधाच्या बाटल्या धुऱ्यावर पडून रायतात, त्या जमा कराले गाडी पाठवा. ग्रामपंचायत दर महिन्याले पानीपट्टी घेते, त्यातून हे करा.

---

चाचणीताई | ११ जून, रात्री ९:१०

मावशीचं शंभर टक्के बरोबर. भाऊ, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये ही सात-आठ घरं नव्हतीच, नुसतं "वाहितीत" असं होतं.

---

पैनगंगाकाठ | ११ जून, रात्री ९:३५

पैशाचं सांगतो. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के भाग बांधून दिला होता, निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवणं अशा कामांना. आमच्याकडे त्यातला बराच पैसा पेव्हर ब्लॉकच्या आजूबाजूलाच घुटमळला, ते जाऊ द्या. उकिरडे हलवणं हे स्वच्छतेचंच काम आहे. स्रोत राखणं हे पाण्याचं काम आहे. वरच्या घरांना मदत म्हणून नको, विहिरीच्या कामाचा खर्च म्हणून आराखड्यात घाला. मदत म्हटलं की पुढचा सरपंच बंद करतो.

---

मुरूमपारखी | १२ जून, सकाळी ६:४०

वावरवाली ताईंचा मुद्दा मान्य. उकिरड्याला तुमच्याच जिल्ह्यातला इलाज आहे. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची नॅडेप पद्धत. विटांचं टाकं, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींत हवेसाठी भोकं, तळ ठोकून घट्ट केलेला. शेण कमी लागतं, काडीकचरा आणि माती जास्त. उघड्या उकिरड्यातून पावसात जो काळा रस वाहतो, तो इथं बराच अडतो, वरून गवताचं छप्पर घातलं तर आणखी. खत तयार झालं की युरियाची एखादी मात्रा आपसूक कमी होते. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. खत पिकलं तर शेतकरी स्वतःच हिशोब करतो.

युरिया एकदम देण्याऐवजी दोन-तीन हप्त्यांत, मोठ्या पावसाच्या तोंडावर अजिबात नाही. एवढं झालं तरी विहिरीत फरक पडेल. पण लगेच नाही. मुरमात उतरलेलं जुनं नायट्रेट निघायला काही पावसाळे जातात. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षी आकडा हलला नाही म्हणून कोणी "बघा, काही होत नाही" म्हणालं तर घाबरू नका. ठरावातच हे आधी लिहून ठेवा.

---

पऱ्हाटीवाला | १२ जून, सकाळी ९:००

माझ्या गावच्या बोरचं पानी तपासाले देऊन राहिलो मी. पैनगंगाकाठ भाऊनं भीती घातली.

---

नाल्याकाठी | १४ जून, रात्री १०:२०

समितीची बैठक झाली. मसुदा असा झालाय, दुरुस्त्या सांगा.

विहिरीच्या पहिल्या घेरात काय चालणार नाही ते लिहिलं, आणि तिथली पांदण वरून वळवायचं ठरलं. पांदणीवरच्या उकिरड्यांना ग्रामपंचायतीच्या खर्चानं नॅडेप टाकी, जागा मालकानं त्याच्या सोयीनं दाखवायची. नाल्याच्या दोन्ही काठांना वाळा आणि गवताचा पट्टा, तो कापून नेण्याचा हक्क त्या त्या शेतकऱ्याचा. फवारणीचा पंप धुवायला वरच्या अंगाला पाण्याची टाकी, नाल्यापासून दूर. बाटल्यांसाठी पोतं, महिन्यातून एकदा ग्रामपंचायतीची गाडी. माथ्यावर गवळाऊ दादांनी सांगितल्यासारखी पाळीची चराई. दोनशे मीटर नाल्याला पोकलेन नाही. पाणीपट्टीतला ठरावीक हिस्सा स्रोताच्या नावानं वेगळ्या खात्यात. वर्षातून दोन तपासण्या, निकाल ग्रामसभेत वाचायचा. नळाच्या पाइपाची तपासणी चाचणीताईंनी सांगितली तशी, शेवटच्या नळापासून.

ई-क्लासच्या वहिवाटीला हात लावायचा नाही. ज्यांचे कागद १९९० च्या आधीचे आहेत, त्यांच्या प्रकरणांचा पाठपुरावा समितीनं तहसीलमध्ये करायचा, हेही ठरावात घेतलं. ह्याला दोन जणांनी विरोध केला.

पाणलोटाची सीमा नकाशावर आखायची आहे. नकाशा कुठे मिळेल?

---

मुरूमपारखी | १५ जून, सकाळी ६:२५

गटनकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. पाणलोटाच्या सीमेसाठी नागपूरचं एमआरसॅक, म्हणजे राज्याचं उपग्रह-नकाशांचं केंद्र आहे. पण त्याआधी दोन जाणत्या गुराख्यांना घेऊन माथ्यावर चालत जा. पाणी कुठून इकडे वळतं आणि कुठून पलीकडच्या गावात जातं ते त्यांना पाठ असतं. तीच रेघ गटनकाशावर मारा, गट क्रमांक आपोआप कळतील. पलीकडच्या गावाचे काही गट तुमच्या पाणलोटात निघतील, त्यांच्या ग्रामसभेलाही पत्र द्या.

---

वावरवाली | १५ जून, रात्री ८:३०

मसुदा पोरानं वाचून दाखवला. दोन गोष्टी बदला. पयले नॅडेपच्या इटा आनून टाका, मंग उकिरडा हलवू. तोंडी भरोसा नाई. आनि समितीत वरच्या अंगाचे दोन मानसं घ्या, त्यातली एक बाई पायजे. नाईतर १५ ऑगस्टले मी हात वर करनार नाई, आनि आमच्या आळीतलं कोनीच करनार नाई.

---

नाल्याकाठी | १५ जून, रात्री ९:०५

ताई, दोन्ही मान्य. विटांचा अंदाज शुक्रवारच्या मासिक सभेत मांडतो. समितीसाठी दोन नावं तुम्ही आळीत बसून ठरवा आणि शुक्रवारच्या आत कळवा.